कंडक्टर शेवटी उतरतो

तुम्ही आत्ता ज्या छपराखाली बसून हे वाचताय, ते पडलं तर कोणीकडं पडेल?

वर बघू नका. वर बघून ते कळत नाही. आणि प्रश्न अभद्र वाटून राग आला असेल, तर तोही येऊ द्या. हा प्रश्न माझा नाही. तो आमच्या गल्लीतल्या सटवाजीमामांचा आहे, आणि या प्रश्नापायी त्यांनी जितक्या लोकांचा राग ओढवून घेतलाय, तितक्यांचा आमच्या भागात एखाद्या पुढाऱ्यालाही जमलेला नाही.

मामा लग्नाला गेले की आधी पाणी पीत नाहीत, आहेर देत नाहीत, नवरदेवाकडं बघतसुद्धा नाहीत. मांडवाच्या तोंडाशी उभे राहतात. एक बांबू हातानं हलवून बघतात, वाऱ्याकडं तोंड करतात आणि नवरीच्या बापाला विचारतात, "पडंल कोनीकडं?"

"काय पडंल, मामा?"

"मांडव."

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात काकांनी हात जोडले. म्हणाले, "मामा, आजच्या दिवस तरी शुभ बोला."

"शुभच बोलून राहिलो," मामा म्हणाले. "अशुभ तर तुमी वर बांधून ठिवलंय."

मग त्यांनी वधूवरांच्या दोन्ही खुर्च्या जागेवरून हलवायला लावल्या, जेवणाच्या पंगतीत बाहेर जायची वाट मोकळी ठेवली आणि स्वतः एका खांबाला पाठ लावून, चपला पायात ठेवूनच जेवले. तो मांडव पडला नाही. मामांनी ज्या मांडवांबद्दल विचारलं त्यांतले बहुतेक पडले नाहीत. पण मे महिन्यात आमच्या हिंगोलीत लग्नं आणि वावटळी यांच्या तिथी एकच निघतात, हेही खरं. एका लग्नात मांडव उडाला, नेमका तेव्हा मामांना बोलावणं नव्हतं. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. "मला इचारलं आसतं तर सांगितलं आसतं," म्हणाले, "रुळाकडं." मांडव खरंतर बाजाराकडं पडला होता. ते आम्ही त्यांना सांगितलं नाही.

मामा एसटीचे रिटायर कंडक्टर. सगळी नोकरी औंढ्याच्या आणि कळमनुरीच्या गाड्यांवर गेली. अंगावरचा खाकी शर्ट रिटायर झाल्यावरही उतरला नाही, फक्त बिल्ला काढला. त्या जागी दोन भोकं राहिली. बोलणंही गाडीतलंच राहिलं. घरी कोणी गेलं तर "या, बसा" म्हणत नाहीत. "पुढं सरका, आतमंदी जागा हाय" म्हणतात. आतमधे जागा भरपूर असते, कारण आतमधे दुसरं कोणी नसतं. मूलबाळ नव्हतं. बायको, कौसामामी, वारली त्याला बरीच वर्षं झाली.

आमची गल्ली रुळापलीकडची. सगळी घरं पत्र्याची. विहारसुद्धा तेव्हा पत्र्याचाच. स्लॅब होता तो एकट्या शाळेला. आता पत्र्याच्या घराचं एक सांगते, ज्यांना स्लॅबखाली जन्मायचं भाग्य लाभलं त्यांच्यासाठी. पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. चांगले मांडीएवढे. वाडवडलांपासून ठेवतात. जितका घरमालक शहाणा, तितके दगड जास्त. आमच्या गल्लीत नवं लग्न झालेला मुलगा वेगळा राहायला लागला की सासरा भांडी देतो आणि बाप दगड देतो.

मामांचं या दगडांशी वैर होतं. होळी झाली की ते शिडी घेऊन निघायचे, आणि दर घरापुढं तोच संवाद व्हायचा.

"दगड खाली घ्या."

"काहून? दगड काढला तर पत्रा उडंल की."

"ठिवला तरी उडंल. फक्त एकटा न्हाई उडनार."

जे ऐकायचे त्यांचे पत्रे मामा तारेनं लाकडाला करकचून बांधून द्यायचे. जे ऐकत नसत, त्यांच्या दारात उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, "ठीक हाय. वर दगड, खाली लेकरू. तिकीट तुमीच काढलंय." बायका शिव्या द्यायच्या. पण चार दिवसांनी हळूच नवऱ्याला वर चढवायच्या.

म्हणून मामांना हवामानातलं फार कळत होतं असं कृपा करून समजू नका. त्यांचं वादळाचं भाकीत एका गोष्टीवर चालायचं. कळमनुरीची गाडी वेळेवर आली की मामा चिंतेत पडायचे. "आज काहीतरी गडबड हाय," म्हणायचे, आणि आभाळाकडं बघत बसायचे. बाराही महिने ते छत्री वापरत नसत, कारण छत्री वाऱ्याला आमंत्रण देते. विजा चमकायला लागल्या की लिंबाच्या झाडाखाली थांबलेल्या माणसांना हुसकून लावायचे, हे बरोबर होतं. पण त्यांना हुसकून स्वतःच्या रेडिओपासूनही लांब बसवायचे, कारण रेडिओत परभणी बोलतं आणि वीज परभणीकडून येते.

मी तेव्हा नुकती कॉलेजातून बाहेर पडले होते. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील जयंतीला पुस्तिकांचा स्टॉल लावायचे, आणि मी बाराखडी गिरवली ती जाहीर निषेधांवर. त्यामुळं जगात काही चुकलं की पत्रक काढायचं, हे मला भूक लागली की जेवायचं इतकं साधं वाटे. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तोवर आमच्या आपत्त्या परभणीच्या हिशोबात धरल्या जात. आता आम्हाला स्वतःच्या मिळाल्या होत्या. मी पत्रक लिहिलं: 'पत्र्याखालची माणसं आणि स्लॅबखालचं प्रशासन'. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बराबर लिवलंस, माय," म्हणाले. "पन वादळात सगळ्यात आधी हेच उडंल."

तरी ते माझ्याबरोबर एका कचेरीतल्या बैठकीला आले. विषय होता आपत्ती व्यवस्थापन. साहेब तरुण होते, हसतमुख होते, आणि त्यांच्या हातातली योजना बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्याची बघून उतरवलेली होती. कारण दुसऱ्याच मुद्द्यात मच्छीमारांनी बोटी किनाऱ्याला ओढून घ्याव्यात असं होतं. समोर बसलेल्या सरपंचांनी मान डोलावली. हिंगोलीत समुद्र नाही, हे कोणी काढलं नाही. जिल्हा नवा होता. पुढंमागं मंजूर झालाही असता.

मी उठून बोलणार होते. माझं भाषण तयार होतं आणि ते चांगलं होतं. पण मामा आधी उभे राहिले.

"साहेब, वादळ आलं तर रुळापलीकडच्या गल्लीत कोन येनार?"

"काका, काळजी करू नका. प्रशासन सज्ज आहे."

"सज्ज हाय, ते बराबर. नाव काय त्याचं?"

"कोणाचं?"

"जे सज्ज हाय त्याचं. हाक मारायला लागंल ना."

साहेब हसले. सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते उत्तराची वाट बघत उभेच राहिले. उत्तर आलं नाही, चहा आला. चहा घेऊन बाहेर पडताना मामांनी दाराची चौकट हलवून बघितली आणि शिपायाला विचारलं, "पडंल कोनीकडं?"

त्या बैठकीनंतर मामांनी स्वतःच योजना केली. कागदावर नाही, त्यांचा कागदावर विश्वास नव्हता. भंगारात निघालेल्या गाडीची घंटी त्यांनी कुठून तरी पैदा केली. आपल्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत वळचणीखालून दोरी ओढली, जुन्या गाडीत असायची तशी, आणि टोकाला ती घंटी टांगली. नियम गाडीचेच. एक घंटी, जिथं आहात तिथं थांबा. डबल घंटी, निघा. निघून शाळेत जायचं, स्लॅबखाली.

आणि योजनेचा गाभा म्हणजे मामांचा दुसरा प्रश्न. पहिल्यापेक्षाही जास्त वैताग देणारा. "कोनाला कोन?"

गल्लीत ज्याला स्वतःच्या पायानं भराभर निघता येत नाही, अशा प्रत्येकाला एक माणूस नेमलेला. दर रविवारी सकाळी मामा गल्लीच्या मधोमध उभं राहून पुकारा करायचे.

"नामदेवच्या बाळंतिणीला कोन?"

"मी!"

"मी म्हंजे कोन? नाव सांग."

"सखूबाई!"

"भिकाजीआबाला कोन?"

"आमी हावोत ना सगळे, मामा."

"सगळे म्हंजे कोनीच न्हाई. एक नाव."

"...रमेश."

"बराबर. गयाबाईला कोन?"

"प्रकाश!" हा माझा भाऊ. गयाबाईची कंबर मोडली होती तेव्हापासून ती दाराशी बाजेवर बसून असायची. पाय गेले ती सगळी ताकद तिच्या जिभेत उतरली होती. ती एवढी वजनदार होती की प्रकाशला जोडीला आणखी एक जण लागायचा. पण मामा दुसऱ्याचं नाव पुकारत नसत. दोन नावं आली की दोघंही एकमेकांकडं बघतात, म्हणायचे.

लोक कंटाळायचे. रविवारी सकाळी माणूस दाढी करतो, मटण आणतो. आपण कोणाला उचलणार हे ओरडून सांगत नाही. एकदा मीच चिडून गयाबाईला विचारलं की मामांना हे खूळ आलं कुठून. गयाबाईनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली.

"तुला ठावं न्हाई? तू लहान होतीस," म्हणाली. "तवा बी आसंच वारं सुटलं होतं. हा औंढ्याच्या गाडीवर. ह्यानं गाडी मोकळ्या माळावर उभी केली, समद्या लोकाईला खाली बसवलं, कोनाला खरचटलं बी न्हाई. लई शाबासकी भेटली. आन हिकडं कौसाचे पाय गेलेले. आमी समदे शाळंत पळालो. तिथं गेल्यावर बघतो तर कौसाच न्हाई. मला वाटलं तुह्या मायनं आनली आसंल. तुह्या मायला वाटलं मी आनली आसंल. समद्याईला वाटलं, दुसऱ्यानं आनली आसंल."

"मग?"

"मंग काय. बाजंखाली सरपटत गेली होती. पत्रा उडाला, दगड बाजूला पडला. वाचली. हा घरी आला तवा ह्याला काय म्हनली म्हाईत हाय? 'मला वाटलं गाडी फुल आसंल, म्हनून मला घेतलं न्हाई.' हसत म्हनली बरं का. ह्याच्याच भाषेत. आमी बी हसलो." गयाबाईनं तोंडातली तंबाखू थुंकली. "हा न्हाई हसला."

कौसामामी त्यानंतर चांगली जगली, आणि गेली ती साध्या तापानं. वादळाचा त्यात काही संबंध नव्हता. मामांना तसं कोणी सांगायला गेलं तर ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "भिकाजीआबाला कोन?"

योजनेची पहिली खरी परीक्षा एका कुल्फीवाल्यानं घेतली.

तो नवा होता, वाशीमकडून आलेला. मे महिन्यातली भर दुपार, आभाळ कोरडं ठणठणीत. त्यानं गल्लीच्या तोंडाशी हातगाडी लावली आणि गिऱ्हाइकासाठी गाडीची घंटी वाजवली. दोनदा.

आमची गल्ली उठली. मला आजही त्याचं कौतुक वाटतं. कोणी आभाळाकडं बघितलं नाही, कोणी काही विचारलं नाही. रमेशनं भिकाजीआबांना हातातल्या ताटासकट उचललं. सखूबाईनं बाळ आणि बाळंतीण दोघांना बाहेर काढलं. गयाबाईची वेणी चालली होती; अर्धी वेणी झालेली, अर्धे केस मोकळे, अशी ती प्रकाशच्या पाठीवर बसून, मागून दुसऱ्याच्या टेक्यानं, कोणाकोणाचा उद्धार करत निघाली. आपलं गिऱ्हाईक पळून चाललंय असं वाटून कुल्फीवाला हातगाडी घेऊन मागं पळाला. तो पळायला लागला तशी गाडीची घंटी आपोआप वाजायला लागली, डबल, डबल, डबल. ती ऐकून लोक आणखी जोरात पळाले. लोक जोरात पळतात म्हणून तो आणखी जोरात पळाला.

शाळेच्या व्हरांड्यात सगळा उलगडा झाला. लोक मामांवर तुटून पडणार, तेवढ्यात मामा सगळ्यांच्या मागून, घरं बंद झाल्याची खात्री करत, सावकाश चालत आले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"एकबी मागं राह्यला न्हाई," म्हणाले. "बराबर. पन ह्या कुल्फीवाल्याला कोन?"

कुल्फीवाला घाबरला. त्याला वाटलं मार पडणार. त्याला नामदेव नेमून देण्यात आला. गल्लीत असेल तेवढ्या वेळापुरता. मग सगळ्यांनी कुल्फ्या खाल्ल्या. अर्ध्या वेणीची गयाबाई कुल्फी चोखत म्हणाली, "ते समदं ठीक हाय, सटवाजी. तुला कोन?"

"मला कशाला कोन?" मामा म्हणाले. "कंडक्टर शेवटी उतरत आसतो."

सगळ्यांना ते पटलं. नियम होता, आणि मामांच्या तोंडचा होता.

खरं वादळ पुढच्या उन्हाळ्यात आलं. त्या दिवशी कळमनुरीची गाडी नेहमीसारखी उशिरा आली होती, म्हणून मामासुद्धा गाफील होते. दुपार कलताना पश्चिमेकडून आभाळ मातकट पिवळं झालं. रुळाच्या पलीकडं धुळीची भिंत उभी राहिली आणि ती चालायला लागली. पाखरं ओरडायची थांबली. आणि डबल घंटी वाजली.

गल्लीनं आधी दाराबाहेर डोकावून कुल्फीवाला आलाय का ते पाहिलं. गयाबाई प्रकाशला म्हणाली, "सुटे घे रे खिशात." मग पहिली गार पत्र्यावर पडली, आणि पुढं कोणाला काही सांगावं लागलं नाही. प्रत्येकाला आपापलं माणूस पाठ होतं. वारा तोंडातून श्वास काढून घेत होता. आम्ही शाळेत शिरलो आणि मागून गल्लीचा आवाज आला. पत्र्यांचा आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. ज्यांनी दगड खाली घेतले नव्हते, त्यांच्या पत्र्यांनी ते स्वतःच खाली आणले, पण दुसऱ्यांच्या अंगणात.

वर्गात अंधार होता. पोरं रडत होती. दर रविवारी मामा पुकारा करायचे. या वेळी कोणी पुकारेना, तेव्हा बाकावर टेकलेली गयाबाई ओरडली, "कोनाला कोन?"

एकेक आवाज आला. भिकाजीआबा आहेत. बाळंतीण आहे, बाळ आहे. विहाराच्या मागचे आंधळे काका आहेत. ज्यांना कोणीतरी नेमलं होतं ते सगळे, एकूणएक, हजर. योजना पूर्ण यशस्वी झाली होती. योजनेप्रमाणे कोणीही मागं राहिलेलं नव्हतं.

"आन सटवाजी?" गयाबाई म्हणाली.

"मागच्या वर्गात आसतील," रमेश म्हणाला.

मागच्या वर्गातल्या लोकांना वाटलं होतं मामा पुढच्या वर्गात असतील. नामदेवला वाटलं होतं ते प्रकाशच्या मागं होते. प्रकाशला वाटलं होतं ते नामदेवच्या मागं होते.  गयाबाईला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तिला काय आठवत होतं ते मला कळलं. तीच शाळा. तेच वाक्य.

गारांचा मारा थोडा कमी झाल्याबरोबर आम्ही निघालो. प्रकाश, रमेश, मी. डोक्यावर शाळेच्या सतरंज्या घेतल्या होत्या. गल्ली ओळखू येत नव्हती. मामांच्या घराचा पत्रा जागच्या जागी होता, तारेनं बांधलेला. पण कोणाचा तरी लांबचा पत्रा उडून येऊन त्यांच्या दारावर आडवा बसला होता, आणि त्याच्याबरोबर आलेला दगड उंबऱ्यापाशी पडला होता. दार बाहेर उघडणारं. आतून कितीही ढकललं तरी उघडलं नसतं. घंटीची दोरी तुटून चिखलात लोळत होती, आणि तिचं एक टोक दाराच्या फटीतून आत गेलेलं होतं.

आम्ही दगड सरकवला, पत्रा ओढला. दार उघडलं.

मामा बाजेवर बसले होते. खाकी शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली, पायात चपला, हातात दोरीचं टोक. लागलेलं काही नव्हतं. ते त्या दोरीकडं बघत होते. ओढत होते की नुसती धरली होती, सांगता येत नाही. दोरी तुटली होती हे आत बसून त्यांना कळलं नसावं.

त्यांनी आमच्याकडं पाहिलं. ते रागावतील, नाहीतर गळ्यात पडतील असं आम्हाला वाटत होतं. मामा हळूच म्हणाले,

"आलात व्हय? मला वाटलं, गाडी फुल आसंल."

मी पत्रकं लिहिणारी बाई. पण त्या दिवशी प्रकाश बोलला. "पुढं सरका मामा, लई जागा हाय," म्हणाला, आणि त्यांना पाठीवर घ्यायला वाकला. मामांनी त्याचा हात बाजूला केला. चालत आले. पण या वेळी सगळ्यांच्या मागून नाही. आम्ही त्यांना मधे घेतलं होतं.

पुढच्या रविवारी गल्लीतले निम्मे पत्रे अजून जमिनीवर होते, तरी पुकारा झाला. मामांचा आवाज जरा बसलेला होता. बाळंतिणीला कोन, आबाला कोन, गयाबाईला कोन, सगळं रीतसर झालं. मामा वळले.

"थांब," गयाबाई म्हणाली. "एक राह्यलं. सटवाजीला कोन?"

"मी!" सगळी गल्ली एका आवाजात ओरडली. बायका, म्हातारे, पोरं. भिंतींवरून आवाज परत आला. मला वाटलं, आता मामा विरघळणार.

मामा कमालीचे चिडले.

"सगळे म्हंजे कोन?" त्यांचा आवाज चिरकला. "किती बारी सांगू? सगळे म्हंजे कोनीच न्हाई! एक नाव सांगा. न्हाई तर ऱ्हाऊ द्या. मला काही तकलीफ न्हाई."

 जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. हे फार वेळ चाललं असतं तर वाईट झालं असतं.

"गयाबाई," गयाबाई म्हणाली.

लोक हसले. मामासुद्धा, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं, ओठ दाबून हसू आवरत होते. "गये, तुलाच उचलायला दोघं लागतेत. तू मला काय उचलतीस?"

"मी कशाला उचलू? मला उचलनारे तुह्या दारावरून नेतीन. मी हाक मारीन. तू बाहीर आलास तर गाडी पुढं. न्हाई आलास तर मी तिथंच, आन मह्यासंगं हे दोघं बी तिथंच. बघ मंग. किती जनं अडकवायचे ते तूच ठरीव."

 मामा आपल्या दारापाशी गेले, नव्यानं बांधलेली दोरी हातात घेतली, आणि ओढली.

डबल.

आता माझं तुमच्याकडं एक मागणं आहे. निवेदन द्या, मोर्चा काढा, योजनेतल्या बोटींचा जाब विचारा, ते सगळं करायचंच आहे आणि त्याचं पत्रक मी वेगळं काढणार आहे. पण ते काम सगळ्यांचं आहे, आणि 'सगळे' म्हणजे काय हे तुम्हाला आता माहीत आहे. म्हणून हे दुसरं काम फक्त तुमचं. तुमच्या गल्लीत, वाड्यावर, बिल्डिंगमधे कोणीतरी आहे, ज्याला वारं सुटल्यावर एकट्याला निघता येणार नाही. पाय गेलेलं, डोळे गेलेले, बाळंतीण, किंवा नुसतंच एकटं राहणारं, धडधाकट, दुसऱ्यांची काळजी घेत फिरणारं. आत्ता तुमच्या डोळ्यांपुढं ज्याचा चेहरा आला, तोच माणूस. हे वाचून बाजूला ठेवा. आभाळ निरभ्र असताना उठा, त्याच्या दाराची कडी वाजवा, आणि त्याला एक नाव सांगून या.

स्वतःचं.